बिनपंखी इअरविग: पिल्लू की प्रौढ, आणि नेमकी कोणती प्रजाती?

पाचोळा

नमस्कार मंडळी. कुंड्या हलवताना खालच्या ओलसर मातीत चिमटेवाले किडे सापडले. दोन-तीन दिवसांत आणखी मिळाले. सगळे बिनपंखी, सगळ्यांच्या शेपटाला चिमटा, म्हणजे इअरविग एवढं कळलं. पुढचं कळत नाहीये. चित्रांशी जुळवून बघितलं, पण प्रत्येक चित्र थोडं जुळतं आणि थोडं नाही. माझ्याकडे दहापट मोठं दाखवणारं भिंग आहे आणि एक जुना सूक्ष्मदर्शक आहे.

१ नंबर: काळा, चकचकीत, १३ मिमी. पाय पिवळसर, त्यांवर गडद कडी. पंखांचा मागमूस नाही.

२ नंबर: त्याच कुंडीखालचा, ७ मिमी, जरा तपकिरी. चिमटा सरळ आणि बारीक.

३ नंबर: दुसऱ्या जागी, सालीखाली. ११ मिमी, तांबूस तपकिरी. मानेमागे पाठीवर दोन छोट्या पाकळ्या. पंख म्हणावेत इतक्या मोठ्या नाहीत.

४ नंबर: मातीत बरंच खाली. पांढराफटक, ८ मिमी, फक्त चिमटा तपकिरी.

माझा अंदाज, चार प्रजाती. १ आणि ४ मेलेले मिळाले, ते अल्कोहोलमध्ये ठेवलेत. २ आणि ३ जिवंत आहेत, डबीत ओला टिश्यू घालून ठेवलेत. कुठून सुरुवात करू?

---

भिंगवाली

पाचोळा, छान नोंदी. मापं आणि जागा लिहिल्यात म्हणून अर्धं काम झालं.

४ नंबरपासून सुरू करा. त्याला डोळे आहेत का ते बघा. इअरविगला डोक्याच्या दोन्ही बाजूंना काळे संयुक्त डोळे असतात, साध्या भिंगातूनही दिसतात. मग पायाचं टोक बघा. इअरविगच्या पावलाला तीन सांधे असतात, म्हणजे तीन तुकडे एकापुढे एक. तुमच्या पांढऱ्या किड्याला डोळे नसतील आणि पाऊल एकसंध असेल, तर तो इअरविग नाहीच. तो जॅपिजिड, डिप्ल्युरा गटातला. या गटाचे जबडे डोक्याच्या आत दडलेले असतात, बाहेरून दिसत नाहीत. चिमटा दोघांनाही आहे, पण तो दोघांकडे स्वतंत्रपणे आलाय. जवळचं नातं नाही.

बिनपंखी इअरविग म्हणून लोक जे फोटो टाकतात त्यांत हा हमखास असतो. आखूड पंखांचे रोव्ह भुंगेही असतात, पण त्यांना चिमटा नसतो, त्यामुळे ते लगेच बाजूला काढता येतात.

बाकी तिघांची पोटाची वलयं मोजून सांगा. वरून मोजा, पाठीच्या बाजूने. शृंगिकेचे, म्हणजे डोक्यावरच्या मिशीसारख्या अवयवाचे, मणीही मोजा. रंगाचं नंतर बघू.

---

कीटकवेडा

भिंगताईंशी सहमत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पाचोळा यांच्या प्रश्नात ती गृहीत धरलेली दिसते. बिनपंखी इअरविग असं एखादं कुल नाही. जगात इअरविगच्या साधारण दोन हजार प्रजाती आहेत आणि पंख गमावण्याचं काम वेगवेगळ्या कुळांत वेगवेगळ्या वेळी झालंय. अ‍ॅनिसोलॅबिडिडी कुळात बहुतेक मंडळी पंखहीन आहेत. फॉर्फिक्युलिडी कुळात बहुतेकांना पंख आहेत, पण त्यातल्याच चेलिड्युरेलासारख्या वंशात वरचे पंख खुरटलेले आणि मागचे नाहीतच. पंख नाहीत म्हणून दोन किडे एका टोपलीत टाकले तर वर्गीकरण तिथेच चुकतं.

पंख असणाऱ्यांतही ते चटकन दिसत नाहीत. पुढचे पंख म्हणजे दोन आखूड चामडी झाकणं. मागचा पंख पातळ, त्यांच्याखाली घडी घालून ठेवलेला. उलगडला की घडीच्या दहापटीहून जास्त पसरतो. पाठीवरची दोन चामडी झाकणं दिसतात का, हा पहिला प्रश्न. झाकणांच्या मागे पंखाचं टोक डोकावतं का, हा दुसरा. तुमच्या १ नंबरला दोन्ही नाहीत. ३ नंबरचा मला फार उत्साह आलाय.

---

पाचोळा

४ नंबरला डोळे नाहीत! पाऊल एकसंध आहे, पुढे दोन नख्या. शृंगिका मण्यांच्या माळेसारखी. तो या धाग्यातून बाद.

वलयं मोजली. १ नंबर: एकदा ९ आली, एकदा ७. २ नंबर: १०. ३ नंबर: १० किंवा ११. काहीतरी चुकतंय.

---

भिंगवाली

चुकतंय ते पुढच्या बाजूला. पोटाचं पहिलं वलय छातीच्या शेवटच्या भागाला जोडलेलं असतं. पंखवाल्यांत ते झाकणांखाली जातं. बिनपंख्यांत ते उघडं असतं आणि छातीचाच तुकडा वाटतं, कधी छातीचा तुकडा पोटाचा वाटतो. म्हणून मागून मोजायची सवय लावा. चिमटा ज्याला अडकलाय ते मोठं, रुंद पट्ट म्हणजे दहावं. तिथून पुढे या.

प्रौढ नराची दहा वलयं वरून दिसतात. प्रौढ मादीची आठच, कारण आठवं आणि नववं आकसून सातव्याखाली जातं. म्हणजे सातव्यानंतर डोळ्याला थेट शेवटचं मोठं पट्ट दिसतं. पिल्लांत मात्र मादीचीही ती दोन वलयं बाहेर असतात. शेवटच्या कातीच्या सुमारास ती लहान होत जातात.

आता याचा उपयोग बघा. बिनपंखी किडा हातात आला की सगळ्यात नडणारा प्रश्न असतो, हा प्रौढच बिनपंखी आहे की पंख फुटायचे बाकी असलेलं पिल्लू? आठ वलयं आली तर प्रौढ मादी, विषय संपला. दहा वलयं आणि चिमटा दणकट, वाकडा असेल तर प्रौढ नर. दहा वलयं आणि चिमटा सरळ, बारीक, साधा असेल तर ते पिल्लू धरून चाला. त्याला प्रजातीचं नाव द्यायची घाई करू नका.

मी स्वतः सुरुवातीला एका पेटीत अकरा नमुन्यांना नवी बिनपंखी प्रजाती म्हणून चिठ्ठ्या लावल्या होत्या. त्यातले नऊ एका अगदी सामान्य पंखवाल्या प्रजातीची पिल्लं निघाली. तेव्हापासून आधी वलयं, मग बाकीचं.

---

पाचोळा

मागून मोजलं. १ नंबर: ८, तिन्ही वेळा ८. म्हणजे प्रौढ मादी, आणि खरोखर बिनपंखी. ताई, आभार. सूक्ष्मदर्शकाखाली सातव्याच्या कडेखाली एक बारीक पांढरी रेघ दिसते, आठवं तिथेच दडलं असावं.

शृंगिका: १ नंबरला १६ मणी, टोकाच्या जरा अलीकडे दोन मणी पांढुरके. २ नंबरला १३. ३ नंबरला १२.

---

कीटकवेडा

१ नंबरचं नाव मी सांगतो: युबोरेलिया अ‍ॅन्युलिपेस. लुकासने १८४७ मध्ये वर्णन केलेली. नावाचा अर्थच कडीवाल्या पायांची. पिवळसर पायावर मांडीच्या आणि नडगीच्या मध्यावर गडद कडं, शृंगिकेत टोकाजवळ फिके मणी, वरच्या पंखांचा लवलेश नाही, लांबी एक ते दीड सेंटिमीटर. माणसाबरोबर, कुंड्या-मातीबरोबर ती जगभर पसरली आहे, म्हणून तुमच्या कुंडीखाली मिळाली यात नवल नाही.

कुल नक्की करायला पाऊल पुन्हा बघा. तीन तुकड्यांपैकी मधला दुसरा तुकडा साधा, नळीसारखा असेल तर अ‍ॅनिसोलॅबिडिडी किंवा लॅबिड्युरिडी. तोच रुंद, बदामी आकाराचा, दोन्ही बाजूंना पसरलेला असेल तर फॉर्फिक्युलिडी. आणि त्याची अरुंद जिभेसारखी पट्टी तिसऱ्या तुकड्याखाली पुढे गेली असेल तर कॅलिसॉकिडी. तीन गट एका नखाएवढ्या जागेत वेगळे होतात. मला इअरविगच्या शरीरातली ही सगळ्यात आवडती जागा आहे. पाय कडेवर झोपवून, खालून उजेड देऊन बघा.

२ नंबर त्याच प्रजातीचं पिल्लू वाटतं. तीच जागा, मणी कमी. पिल्लू दर कातीला शृंगिकेत मणी वाढवतं, त्यामुळे मणी मोजून वयाचा अंदाज येतो. एक सावधगिरी: शृंगिका तुटलेली असते. टोकाचा मणी गोलसर आणि निमुळता हवा. कापल्यासारखा सपाट दिसला तर तो आकडा टाकून द्या आणि दुसरी बाजू मोजा.

---

शंखशिंपला

मी इथे बहुतेक वेळा वाचतच असते, पण आज माझ्याकडेही एक आहे. समुद्रकिनाऱ्यावर भरतीच्या रेषेजवळ, कुजणाऱ्या शेवाळाखाली. २४ मिमी, काळसर तपकिरी, बिनपंखी. पाय फिके पिवळे पण कडी नाहीत. वलयं १०. चिमटा आखूड आणि जाड, त्यातलं उजवं पातं डाव्यापेक्षा बरंच जास्त आत वळलेलं. मला वाटलं चिमटा मोडून वाकडा जुळला असेल.

---

भिंगवाली

शंखशिंपला, मोडलेला नाही. तुमच्याकडे अ‍ॅनिसोलॅबिस मॅरिटिमाचा नर आहे, बहुतेक नक्की. १८३२ पासून हे मॅरिटिमा नाव चालत आलंय, सागरी म्हणून. आणि अ‍ॅनिसोलॅबिस म्हणजे असमान चिमटा. वंशाला नाव ज्या लक्षणावरून मिळालं तेच तुम्ही बघितलंत.

नराचं उजवं पातं जास्त वळलेलं असणं युबोरेलियातही दिसतं. त्यामुळे वंश त्यावरून ठरवू नका. शृंगिका मोजा. मॅरिटिमाला वीस किंवा त्याहून जास्त मणी असतात, अ‍ॅन्युलिपेसला सोळाच्या आसपास. आकार, बिनकड्यांचे पाय आणि किनाऱ्याची जागा यांनी बाकीचं जुळतं. जागेवरून नाव ठरवायचं नाही हे खरं, पण भरतीच्या रेषेवरचे शेवाळाचे ढीग हे या प्रजातीचं घरच आहे. तिथे ती रात्री बाहेर येऊन छोट्या कवचधाऱ्यांची शिकार करते.

मादी मिळाली आणि तिच्याखाली अंड्यांचा पुंजका दिसला तर दगड-शेवाळ होतं तसं परत ठेवा. या कुळातल्या माद्या अंड्यांवर बसून राहतात, ती चाटून साफ ठेवतात. आईला उचललं की अंड्यांना बुरशी लागते.

---

शंखशिंपला

डावी शृंगिका २२. उजवी तुटलेली, टोक सपाट आहे, कीटकवेडा यांनी सांगितलं तसंच. खूप आनंद झाला. मी ती वाकडी बाजू दोष समजत होते.

---

कीटकवेडा

आता ३ नंबर. माझं मत: युबोरेलिया अ‍ॅन्युलाटा. ही अ‍ॅन्युलिपेसची जवळची बहीण. फरक असा की तिला वरचे पंख अगदी खुरटलेल्या रूपात असतात: छातीच्या मधल्या भागावर दोन्ही कडांना एकेक छोटी अंडाकृती पाकळी. पाठीच्या मधोमध त्या एकमेकींना भेटत नाहीत. पाचोळा यांचं वर्णन जुळतं. मणी १२ म्हणजे जरा कमी आहेत, पण शृंगिका तुटलेली असू शकते.

---

भिंगवाली

कीटकवेडा, यावेळी सहमत नाही. दहा वलयं, चिमट्याचं वर्णन नाही, पायांवर कड्यांचा उल्लेख नाही. मला पंखवाल्या प्रजातीचं पिल्लू वाटतंय. त्या पाकळ्या पंखांच्या कळ्या असाव्यात.

पाचोळा, एक गोष्ट बघा, त्यावर सगळं ठरेल. पाकळ्या किती जोड्या आहेत? अ‍ॅन्युलाटाला मागचे पंख नाहीतच, त्यामुळे छातीच्या मधल्या भागावर एकच जोडी, आणि त्यामागचं तिसरं पट्ट साधं. पिल्लाला मात्र दोन्ही पंख फुटायचे असतात. मधल्या पट्टाची मागची कड लांबते आणि तिसऱ्याचीही. कळ्या पट्टाचाच सलग भाग असतात, अ‍ॅन्युलाटाच्या पाकळीला मात्र पट्टापासून वेगळी रेघ असते. दिवा बाजूने, अगदी आडवा धरा. वरून उजेड दिला तर काही दिसणार नाही.

---

पाचोळा

रात्री दिवे घालवून टॉर्च टेबलाला टेकवून धरला. किडा थंड व्हावा म्हणून डबी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवली होती, त्यामुळे दोन मिनिटं तो शांत बसला.

दोन जोड्या आहेत. पहिली मला आधी दिसली होती. तिच्या मागे दुसरी, जास्त पातळ आणि मागे निमुळती. आडव्या उजेडात तिच्यावर पंख्यासारख्या पसरलेल्या बारीक रेषा उमटल्या. वरून बघताना तिथे नुसतं तपकिरी पट्ट दिसत होतं. पहिल्या जोडीला वेगळी रेघ नाही, पट्ट सलग मागे आलंय. पाठीच्या मधोमध डोक्यामागून एक फिकी उभी रेघ जाते. चिमटा सरळ. कडी नाहीत. दोन्ही शृंगिका शाबूत, १२-१२. आणि पाऊल: दुसरा तुकडा रुंद, बदामी.

---

कीटकवेडा

माझं मत मागे घेतो. दोन जोड्या आणि पंख्याच्या रेषा म्हटल्यावर प्रश्न उरत नाही. उभी फिकी रेघही पिल्लाचीच, कात तिथून उलते. बदामी पाऊल म्हणजे फॉर्फिक्युलिडी, अ‍ॅन्युलाटाच्या कुळातलाच नाही. मी पाऊल बघायला सांगितलं आणि स्वतः ते कळायच्या आधी नाव दिलं, ही माझी चूक.

एक भाकीत करतो. फॉर्फिक्युला ऑरिक्युलारिया, लिनीअसची १७५८ ची प्रजाती, हिची पिल्लं चार टप्प्यांतून जातात आणि मणी असे वाढतात: ८, १०, ११, १२. प्रौढाला १४. तुमच्याकडे १२ आहेत म्हणजे शेवटचा टप्पा. कात टाकल्यावर १४ मोजलेत तर बाजू बळकट होईल. डबीत ओल राहू द्या, उलटं लटकायला सालीचा तुकडा द्या आणि हात लावू नका.

---

गवताळ

चर्चा वाचून आनंद झाला. दोन-तीन गोष्टींची भर.

जुनी पुस्तकं वापरणाऱ्यांनी कुळांच्या नावांनी गोंधळून जाऊ नये. ज्याला आज अ‍ॅनिसोलॅबिडिडी म्हणतो ते काही पुस्तकांत कार्सिनोफोरिडी म्हणून आहे, आणि त्याहून जुन्यांत याच प्रजाती लॅबिड्युरिडीत घातलेल्या असतात. प्रजाती तीच, पेटी बदलली.

बाहेरच्या लक्षणांवर युबोरेलिया वंशातल्या जवळच्या प्रजाती शेवटपर्यंत सुटत नाहीत. तिथे नराची जननेंद्रियं बघावी लागतात. फॉर्फिक्युलिडीच्या नराला एकच शिश्नखंड असतो, अ‍ॅनिसोलॅबिडिडीला दोन. विश्रांतीत त्यातला एक पुढे आणि एक मागे वळलेला असतो. त्यांच्या बाजूच्या पट्ट्यांचा आकार, रुंद की लांबट, टोक गोल की तिरपं, यावर प्रजाती ठरतात. मेलेल्या नराचं खालच्या बाजूचं शेवटून दुसरं पट्ट सुईने अलगद उचलायचं, आतला भाग काढून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ व्हायला ठेवायचा, पाण्यात धुवायचा आणि ग्लिसरीनच्या थेंबात बघायचा. द्रावण कातडी जाळतं, हातमोजे आणि चष्मा घाला. काढलेला भाग त्याच नमुन्याच्या कुपीत ठेवा, वेगळा ठेवलात तर दोन्ही निरुपयोगी.

दोन खंड कशाला, याचं उत्तर योशिताका कामिमुरा यांनी युबोरेलिया प्लेबेजावर केलेल्या २००१ च्या कामात आहे. त्या नराची आतली नळी शरीराहून लांब असते आणि मीलनात ती मोडू शकते. मोडली तर दुसरा खंड कामाला येतो. वर्गीकरणवाले ज्या जोडीकडे खूण म्हणून बघत होते, ती त्या प्राण्यासाठी जपून ठेवलेला पर्याय आहे.

आणि नाव चुकल्याची किंमत काय असते ते लॅबिड्युरा हरक्युलिआनामुळे मनात घर करून आहे. सेंट हेलेना बेटावरचा इअरविग, सगळ्यांत मोठा, ८ सेंटिमीटरपर्यंत. त्याचे वरचे पंख आखूड आणि मागचे नाहीत. फॅब्रिसियसने १७९८ मध्ये वर्णन केलं. पुढे तो लॅबिड्युरा रिपारिया या सर्वत्र आढळणाऱ्या पंखवाल्या प्रजातीचाच प्रकार मानला गेला आणि कोणी लक्ष दिलं नाही. १९६२ मध्ये बेटावर वाळलेले प्रचंड चिमटे सापडले तेव्हा लोक पुन्हा शोधू लागले. जिवंत प्राणी शेवटचा १९६७ मध्ये दिसला. २०१४ मध्ये तो नामशेष म्हणून नोंदला गेला. मागचे पंख नाहीत, ही एक ओळ दीडशे वर्षं कोणी गांभीर्याने वाचली असती तर त्याला वाचवायला थोडा अवधी मिळाला असता असं मला मनापासून वाटतं.

---

शंखशिंपला

गवताळ, हे माहीत नव्हतं. फार वाईट वाटलं. एक प्रश्न: पंखही नाहीत आणि चिमटाही नाही असे इअरविग असतात का?

---

गवताळ

असतात. हेमिमेरस हा वंश आफ्रिकेत गालपिशवीवाल्या मोठ्या उंदरांच्या अंगावर राहतो: आंधळा, बिनपंखी, चपटा, आणि चिमट्याच्या जागी दोन धाग्यांसारखी उपांगं. अरिक्सेनिया आग्नेय आशियात वटवाघळांवर असतो. दोन्ही अंडी न घालता पिल्लांना जन्म देतात. बराच काळ त्यांना इअरविगपासून वेगळं मानत होते. उलटही आहे: डिप्लॅटिइडी कुळाच्या पिल्लांना चिमटा नसून सांध्यासांध्यांच्या लांब शेपट्या असतात, चिमटा प्रौढपणी येतो. म्हणजे पिल्लाच्या बाबतीत चिमट्यावरही विसंबता येत नाही.

---

पाचोळा

नऊ दिवसांनी लिहितोय. ३ नंबरने काल पहाटे कात टाकली.

सव्वापाचला डबी बघितली तेव्हा तो सालीला उलटा लटकला होता आणि पाठीची फिकी रेघ उललेली होती. आतून पूर्ण पांढरा प्राणी बाहेर येत होता, फक्त डोळे काळे. बाहेर आल्यावर पाठीवर चार चुरगळलेले तुकडे होते. मग मागचा एक पंख पसरला. दुधी, ओला, पंख्याच्या काड्यांसारख्या शिरांचा, शरीराच्या मानाने अवाढव्य. थोडा वेळ तसाच राहिला. नंतर घड्या पडत गेल्या आणि तो झाकणाखाली गेला, फक्त टोक बाहेर राहिलं. आठपर्यंत अंग तपकिरी होऊ लागलं होतं आणि कातीचा बराचसा भाग त्याने खाऊन टाकला होता.

आज सकाळी मोजलं. वलयं १०, चिमटा मुळाशी रुंद आणि पुढे कमानीसारखा वळलेला, म्हणजे नर. शृंगिका डावी १४, उजवी १४.

चिठ्ठ्या बदलल्या आहेत. १ नंबर युबोरेलिया अ‍ॅन्युलिपेस, मादी. २ नंबर युबोरेलिया, पिल्लू, प्रजातीपुढे प्रश्नचिन्ह. ३ नंबर फॉर्फिक्युला, नर, कात टाकण्याची तारीख आणि वेळ सोबत. ४ नंबर जॅपिजिड, दुसऱ्या पेटीत. २ नंबर अजून जिवंत आहे. आज त्याच्या शृंगिकेत १४ मणी आहेत, आणि पाठीवर आडव्या उजेडातही एकही कळी नाही.